दुमजली डब्याची पत्रिका

सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या जरा दक्षिणेला मिलब्रे नावाचं स्थानक आहे. सनीवेल, माउंटन व्ह्यू, फ्रीमाँट या पट्ट्यात ज्यांची मुलं-भाचरं नोकरीला आहेत, अशा पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांपैकी अनेकांनी तिथे गाडी बदललेली असेल. या स्थानकात दोन वेगळ्या रेल्वे एकमेकींशेजारी येऊन थांबतात. एक कॅलट्रेन, सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे जाणारी. दुसरी बार्ट, खाडीखालून ओकलंडकडे जाणारी. दोघींनीही अलीकडेच आपले जुने डबे निवृत्त केले. त्यातल्या कॅलट्रेनच्या डब्यांना पेरू देशात गिऱ्हाईक मिळालं. बार्टचे बहुतेक डबे मात्र ओकलंडच्या भंगारवाल्याकडे गेले.

आता गंमत अशी, की बार्टचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर आहेत. म्हणजे चक्क दादरचं माप! रुंद रुळांवर हलका डबा खाडीच्या वाऱ्यात जास्त स्थिर राहील, असा विचार १९६० च्या दशकात झाला असं सांगतात. विचार वाईट नव्हता. पण त्यामुळे बार्टचा डबा अख्ख्या अमेरिकेत एकटा पडला. हे माप भारत, पाकिस्तान, श्रीलंका, अर्जेंटिना, चिली अशा मोजक्या देशांत चालतं. तिथे नेऊन तरी काय करणार? बार्टला वीज मिळते रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून, १००० व्होल्ट डीसी. आपल्याकडे डोक्यावर २५ हजार व्होल्ट एसीची तार. एकंदर ६६९ जुने डबे होते. त्यातले थोडे संग्रहालयात किंवा हौशी लोकांकडे गेले, बाकीचे कापले गेले.

कॅलट्रेनचं नेमकं उलट. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे विजेच्या नव्या दुमजली गाड्या सुरू झाल्या आणि १९८० च्या दशकात जपानच्या निप्पॉन शार्यो कंपनीने बांधायला घेतलेले स्टेनलेस स्टीलचे दुमजली डबे मोकळे झाले. ९० डबे आणि १९ डिझेल इंजिनं पेरूच्या लिमा शहराने ६३ लाख २० हजार डॉलरला घेतली. सरसकट भागाकार केला तर एका वाहनाला साधारण ५८ हजार डॉलर, म्हणजे सुमारे पन्नास लाख रुपये. तिकडे कोरा दुमजली डबा घ्यायचा तर काही दशलक्ष डॉलर मोजावे लागतात.

जुनी मोटार विकताना आपण किलोमीटर, रंग आणि टायर बघतो. रेल्वेच्या डब्याचं तसं नाही. त्याची आधी पत्रिका जुळावी लागते. डबा ज्या ज्या गोष्टींना टेकतो, चिकटतो किंवा जिच्याखालून जातो, ती प्रत्येक गोष्ट नव्या घरी तशीच असायला हवी.

पहिला गुण रुळांच्या मापाचा, तो बघून झाला. दुसरा उंचीचा. उत्तर अमेरिकेतल्या उपनगरी दुमजली डब्याची उंची साधारण ४.८५ मीटर असते. शिकागो, टोरांटो, लॉस एंजेलिसला ती चालते, कारण तिथल्या पूल-बोगद्यांतून उंच मालगाड्या जातातच. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला जाणारे नदीखालचे बोगदे मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. तिथे मर्यादा आहे सुमारे ४.४२ मीटरची. त्यामुळे शेजारच्या न्यू जर्सीला बुटका दुमजली डबा वेगळा बनवून घ्यावा लागला. टोरांटोचा डबा फुकट दिला तरी न्यूयॉर्कला नेता येणार नाही. वीतभर-दोन वितींचा तर फरक!

उंच डबा वळणावर कलंडत नाही का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. रिकामा डबाच पन्नास टनांच्या आसपास भरतो. वरच्या मजल्यावर ऐंशी माणसं बसली तर त्यांचं वजन पाच-सहा टन. शिवाय खालचा मजला दोन चाकगाड्यांच्या मध्ये, रुळांपासून गुडघा-मांडीच्या उंचीवर टांगलेला असतो, त्यामुळे गुरुत्वमध्य वाटतो तेवढा वर सरकत नाही. (चाकगाडी म्हणजे ज्याला अभियंते बोगी म्हणतात ती. आपण मराठीत अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. कारखान्यातले लोक त्यावर हसतात, पण आता इलाज नाही.)

तिसरा गुण फलाटाचा. अमेरिकेच्या पश्चिमेला फलाट जेमतेम वीतभर उंच, तर ईशान्येला सव्वा मीटर. टोरांटोच्या डब्याचं दार रुळांपासून सुमारे ६३ सेंटिमीटरवर उघडतं. बुटक्या फलाटावरून एक पायरी चढून आत जाता येतं. उंच फलाटावर मात्र तेच दार भिंतीसमोर उघडेल.

मग येतात जोडणीच्या गोष्टी. डबे एकमेकांना धरणारी कपलिंगची मूठ, हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पाइप, दिवे आणि वातानुकूलनासाठी इंजिनातून येणारी ४८० व्होल्ट त्रिकला (थ्री-फेज) वीज आणि एक २७ तारांची केबल. या केबलमुळे गाडीच्या दुसऱ्या टोकाच्या डब्यात बसूनही मोटरमन मागचं इंजिन चालवू शकतो. शेवटच्या स्थानकात इंजिन फिरवून आणायची गरज उरत नाही. उत्तर अमेरिकेत या चारही गोष्टी दशकानुदशकं जवळपास त्याच राहिल्या. म्हणून टोरांटोचा डबा टेक्ससमध्ये नेऊन जोडला की दिवे लागतात. आपल्याकडच्या एलएचबी, म्हणजे नव्या जर्मन धाटणीच्या डब्यांच्या गाड्यांना इंजिनातून ७५० व्होल्ट मिळतात. तिकडचा डबा इथे जोडायचा म्हटलं तर आतली सगळी वायरिंग उपसावी लागेल.

हे सगळं जुळत असल्यामुळेच तिथे उसनवारी आणि भाडेपट्ट्याचा व्यवहार फुलला. टोरांटोची गो ट्रान्झिट ही उपनगरी सेवा १९६७ मध्ये सुरू झाली. दहा वर्षांत गर्दी एवढी वाढली, की गाडी लांबवण्याऐवजी उंच करायचं ठरलं. कॅनडातल्याच थंडर बे इथल्या कारखान्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोपरे छाटलेला, समोरून अष्टकोनी दिसणारा दुमजली डबा काढला. तोच पुढे लॉस एंजेलिस, सिॲटल, व्हँकूव्हर, सॅन दिएगो, डॅलस, सॉल्ट लेक सिटी असा पसरला. कारखान्याचे मालक बदलत गेले, आज तो आल्स्टॉमकडे आहे, पण डब्याचा साचा टिकला. त्यामुळे एका संस्थेकडे जास्त झालेला डबा दुसरीच्या गाडीत बसतो. सिॲटलच्या साउंडर सेवेकडे सुरुवातीच्या वर्षांत डबे होते, पण फेऱ्या कमी होत्या. मग ते डबे पार कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियापर्यंत भाड्याने गेले. डॅलसने गो ट्रान्झिटचे वापरलेले डबे घेतले. नॅशव्हिलने २००६ मध्ये आपली छोटी सेवा सुरू केली ती शिकागोच्या निवृत्त डब्यांवर.

भाड्याचा व्यवहार समजायला सोपा आहे. नवे डबे मागवले तर हातात पडायला काही वर्षं जातात, आणि नव्या मार्गावर प्रवासी येतील की नाही हे आधी कोणालाच ठाऊक नसतं. भाड्याच्या डब्यांवर अंदाज घेता येतो. देणाऱ्यालाही यार्डात उभे असलेले डबे महाग पडतात. उभ्या डब्याच्या बॅटऱ्या उतरतात, रबराचे पाइप कडक होतात, बेअरिंग एकाच जागी दबून राहतात. त्यात एक सरकारी नियमही आहे. अमेरिकेत केंद्राच्या पैशातून घेतलेल्या डब्याचं किमान आयुष्य २५ वर्षं धरतात. त्याआधी तो विकून मोकळं होणं कटकटीचं, भाड्याने देणं त्यामानाने सोपं.

शिकागोचे डबे वेगळ्याच घाटाचे. १९५० पासून तिथे गॅलरी डबे आहेत, कॅलट्रेनचेही तसेच होते. वरचा मजला सलग नसून दोन्ही बाजूंना अरुंद सज्जे, मध्ये मोकळी पोकळी. वर एकेकट्याची आसनं. तिकीट तपासनीस खालूनच चालत जातो आणि वरचे प्रवासी हात खाली करून तिकीट दाखवतात. एका माणसाने दोन मजले तपासायची ही युक्ती मला फार आवडते. चाळीच्या चौकात उभं राहून वरच्या मजल्याशी बोलावं तसं.

वय झालेल्या डब्यात खरी तपासणी लागते ती धातूच्या थकव्याची. तार हाताने पुढे-मागे वाकवत राहिली की तुटते. एकदाच वाकवून तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवून तुटते. डबा प्रत्येक स्थानकात ब्रेक मारतो, सुटताना ओढला जातो, रुळांच्या सांध्यांवर हादरतो. पोलादाला एक सोय आहे. ताण ठराविक मर्यादेखाली राहिला, तर कितीही वेळा दिला तरी ते सहसा दाद देत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. लहान ताणही साठत जातो आणि कधीतरी वेल्डिंगशेजारी केसाएवढी चीर उमटते. म्हणून जुना डबा घेणारा शहाणा माणूस आसनांच्या कापडाकडे बघत नाही. तो खाली वाकतो, रंगीत द्रव लावून किंवा अल्ट्रासाउंडने सांधे तपासतो. चाकं, बेअरिंग, ब्रेकचे ठोकळे बदलता येतात. सांगाडा मात्र बदलता येत नाही.

आणि सांगाडा तिथे दणकट असतो. अमेरिकेच्या जुन्या नियमाप्रमाणे प्रवासी डब्याने टोकाकडून आठ लाख पौंड, म्हणजे साधारण ३६० टनांचा दाब वाकल्याशिवाय सहन करायला हवा, कारण त्याच रुळांवर अजस्र मालगाड्या धावतात. त्यामुळे डबा जड होतो आणि इंधन जास्त खातो. पण त्याच जाडजूड हाडांमुळे तो पंचवीस वर्षांनंतरही दुसऱ्याकडे नांदायला जाऊ शकतो.

मुंबईच्या लोकलला असे डबे का नाहीत? दुमजली डबे आपण पाहिले आहेत. सिंहगड एक्स्प्रेसला होते, सुरतेच्या फ्लाइंग राणीला तर १९७९ पासून २०२३ पर्यंत होते. लोकलला मात्र ते परवडणार नाहीत. अडचण दारांची आहे. टोरांटोच्या २६ मीटर लांब डब्यात १६० च्या आसपास आसनं आणि एका बाजूला दोन दारं. वरचे लोक जिन्याने उतरून त्याच दोन दारांतून बाहेर पडणार. लोकल दादरला जेमतेम अर्धा मिनिट थांबते, तेवढ्यात जिन्यावरची रांगसुद्धा हलणार नाही. दुमजली डबा सोयीचा कुठे? जिथे बहुतेक लोक बसून येतात आणि शेवटच्या एकाच मोठ्या स्थानकात उतरतात. आणि पत्रिका फारशी कुठे जुळत नसल्यामुळे आपल्याकडचे जुने डबे परदेशी कमी आणि दुसऱ्या कामाला जास्त जातात. काहींतून नव्या मोटारी वाहून नेतात, आणि सीएसएमटीला तर एका निवृत्त डब्यात २०२१ पासून उपाहारगृह चालू झालं.

राहिली लिमाची गोष्ट. तिथल्या मध्य रेल्वेचं रुळाचं माप १४३५ मिलिमीटर, कॅलट्रेनचंच. हा मार्ग आला कुठून, ते ऐकण्यासारखं आहे. हेन्री मेग्ज नावाचा सॅन फ्रान्सिस्कोचा एक लाकूड व्यापारी १८५४ मध्ये कर्ज आणि खोट्या कागदपत्रांच्या भानगडीत सापडला आणि जहाजाने दक्षिण अमेरिकेला पळाला. तिथे तो रेल्वेचा मोठा कंत्राटदार झाला. लिमाहून अँडीज पर्वतात चढणाऱ्या मार्गाचं काम त्याने १८७० मध्ये सुरू केलं, आखणी एर्नेस्ट मालिनोव्स्की या पोलिश अभियंत्याची. आता त्याच मार्गाच्या पायथ्याच्या टप्प्यावर, लिमा ते चोसिका, मेग्जच्या गावचे डबे चालवायचा बेत आहे.

२०२५ च्या जुलैत पहिले डबे जहाजाने लिमाजवळच्या काय्याओ बंदरात उतरले. रूळ जुळले, कपलिंग जुळलं. पण त्या मार्गावर मुख्यतः मालगाड्या धावतात. रोजच्या प्रवाशांसाठी स्थानकं नाहीत, फलाट नाहीत, रस्त्यांवरची फाटकं पुरेशी सुरक्षित नाहीत. त्याचा खर्च आणि परवानग्या कोणाच्या, यावर शहराचे महापौर आणि केंद्राचं परिवहन मंत्रालय यांची जुंपली. गॅलरीतल्या एकेकट्या आसनांवर तेव्हा कोणी बसलेलं नव्हतं.