पित्ताशय गेलं, खडा राहिला

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं की खड्यांचा विषय संपला, असं पेशंट धरून चालतो. बहुतेकांचा संपतोही. १९८५ मध्ये जर्मनीत एरिश म्यूए यांनी ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली आणि आज ती अगदी नेहमीची झाली आहे. चर्चा होते ती मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याची, आणि ते रास्तच आहे. हजारात साधारण २ ते ५ जणांत ती होते आणि महागात पडते. पण मला जास्त चक्रावून टाकते ती निसटलेल्या खड्याची गोष्ट.

सुजलेलं पित्ताशय यकृतापासून सोडवताना किंवा छोट्या छिद्रातून ओढून बाहेर काढताना कधीकधी फाटतं. हे काही फार दुर्मीळ नाही. पित्त सांडतं आणि त्याबरोबर खडे यकृताच्या मागे, आतड्यांच्या आडोशाला घरंगळतात. सर्जन दिसतील तेवढे वेचतात, सलाइनने पोट धुतात. तरी एखादा राहतोच. बहुतेक वेळा तो आयुष्यभर गुपचूप पडून राहतो.

क्वचित मात्र त्याच्याभोवती गळू धरतं, विशेषतः खड्यात जंतू असतील तर. तपकिरी, रंगद्रव्याच्या खड्यांत ते जास्त आढळतात. हे गळू काही महिन्यांनी येतं, कधी काही वर्षांनी. तोवर पेशंट ऑपरेशन विसरलेला असतो. कुशीत गाठ येते, ती फुटते आणि पुवाबरोबर खडा बाहेर पडतो. श्वासपटल भेदून फुप्फुसात शिरलेला खडा खोकल्यातून पडल्याच्याही नोंदी आहेत!

निदान इथेच चकवतं. स्कॅनमधली गाठ कॅन्सरची किंवा क्षयाची वाटू शकते. कोलेस्टेरॉलचे खडे सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाहीत. सोनोग्राफीत ते सापडण्याची शक्यता जास्त. त्यामुळे खडे सांडल्याची नोंद ऑपरेशनच्या कागदांत हवी आणि पेशंटलाही ते सांगायला हवं. अँटिबायोटिक देऊन, पू काढून तात्पुरता आराम पडतो, पण खडा आत असेपर्यंत गळू पुन्हा भरू शकतं.

याहून विरळा प्रकार क्लिपचा. पित्ताशयाची नळी बंद करायला लावलेली इवलीशी धातूची क्लिप सरकून मुख्य पित्तनलिकेत जाते आणि तिच्याभोवती नवाच खडा तयार होतो. मग कावीळ, थंडी वाजून ताप. असा खडा सहसा तोंडावाटे एंडोस्कोप घालून काढता येतो, पोट उघडावं लागत नाही.