शहराला गुण, नदी हिशेबाबाहेर

कोकणात पर्यावरणाची मोजणी शहरापासून नाही, भरतीच्या रेषेपासून सुरू झाली. 1981 साली इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून 500 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. त्याच धाग्यावर 1991ची सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर नियम घालणारी, अधिसूचना आली. तेव्हापासून मालवण-वेंगुर्ल्याकडे पर्यावरण म्हणजे घर बांधायच्या परवानगीतली एक अडचण, असंच समीकरण बसलं.

शहरांबद्दलचा मूळ प्रश्न कॅनडातल्या विल्यम रीस यांनी 1992 साली मांडला: एक शहर जगवायला त्याच्या हद्दीबाहेरची किती जमीन खर्ची पडते? ‘पर्यावरणीय पाऊलखुणा’ची कल्पना तिथली. त्याच्या जवळ जाणारं काही कोकणात घडलं ते 2010-11 मध्ये. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या केंद्राने थांबवल्या आणि या भागाला एकूण भार किती सोसेल, हा विषय पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या पश्चिम घाटाविषयीच्या समितीपुढे आला. पुढे सगळी चर्चा खाणी आणि निर्बंधांवरच अडकली. शहरं बाजूलाच राहिली.

त्यानंतर आल्या त्या शहरांच्या गुणपत्रिका. 2016ला स्वच्छतेवर क्रमवारी लावणारं केंद्राचं स्वच्छ सर्वेक्षण. 2019ला शहरांचं हवामानविषयक काम जोखणारी केंद्राची चौकट, पण ती स्मार्ट सिटींसाठी, आणि त्या यादीत रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं एकही शहर नव्हतं. 2 ऑक्टोबर 2020 पासून राज्याचं ‘माझी वसुंधरा’ अभियान पंचमहाभूतांच्या नावाने गुण देऊ लागलं. अशा मोजणीचा फायदा नाही असं नाही. वेंगुर्ल्याने घरोघरी कचरा वेगळा करून घेतला, डंपिंग ग्राउंडचं पर्यटनस्थळ केलं. तिथे जे केलं ते दिसतं आणि मोजताही येतं.

चिपळूणचं काय करायचं? ‘माझी वसुंधरा’चा पहिला निकाल 5 जून 2021ला लागला आणि दीड महिन्यात, 22 जुलैला, बाजारपेठ वाशिष्ठी नदीच्या पाण्याखाली गेली. वरच्या अंगाला तुटलेलं जंगल, पात्रात साठलेला गाळ, वीजनिर्मितीनंतर घाटाखाली उतरणारं कोयनेचं पाणी, खाडीतली भरती: यातलं बहुतेक नगरपरिषदेच्या हद्दीबाहेरचं. गाळ काढावा म्हणून चिपळूणकरांना त्या डिसेंबरात उपोषणाला बसावं लागलं. पूररेषा आखतं जलसंपदा खातं, डोंगर वनखात्याचा नाहीतर खाजगी मालकाचा, आणि गुणपत्रिका येते नगरपरिषदेच्या नावावर.