पाव इंच आणि ‘दोराभर कमी’ पाव इंच

तुकडे जोडून गोधडी शिवायच्या कृतीत एके ठिकाणी ‘पाव इंच माया ठेवा’ (माया म्हणजे शिवणीपासून काठापर्यंत सोडलेलं कापड) असं लिहिलेलं असतं, तर दुसरीकडे ‘स्कँट क्वार्टर इंच’, म्हणजे दोराभर कमी पाव इंच. दोन्ही एकच समजून शिवलं तर पहिले दोन-चार ब्लॉक (तुकडे जोडून केलेले गोधडीचे चौकोन) छान होतात. रांगा जोडायला घेतल्या की मात्र कोपरे जुळत नाहीत, आणि ओढूनताणून जुळवले तर गोधडी मधूनमधून फुगते.

फरक अगदी थोडा आहे: साधारण १/३२ इंच, म्हणजे मिलिमीटरभरही नाही. ‘थोडं कमी’ म्हणून कुणी सूतभर कमी धरलं तर घोटाळा होईल. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; तेवढं कमी केलं तर माया निम्मीच उरेल आणि एक-दोन धुण्यांत शिवण उसवायला लागेल. इथे प्रश्न खरोखर दोऱ्याच्या जाडीएवढाच आहे.

एवढंसं अंतर जातं कुठे? शिवून झाल्यावर माया एका बाजूला वळवून इस्त्रीने दाबतो, तेव्हा कापड टाक्यावरून वळून पलीकडे जातं. त्या वळणात दोऱ्याची जाडी असते, कापडाचीही असते, आणि तेवढं कापड तिथे खर्ची पडतं. मागून मोजलं तर माया चोख पाव इंच भरते, पुढून मोजलं तर तुकडा कमी भरतो. शिवण काठाकडे दोराभर सरकवली की वळणात जाणारं कापड आधीच भरून निघतं. म्हणून मोजायची ती मागची माया नव्हे, पुढचा तयार तुकडा. या कामात एवढी एक गोष्ट पक्की धरली तरी निम्मी उसवाउसव वाचते.

तयार झाल्यावर १ इंचाचा राहणारा चौकोन १½ इंचाचा कापतात. असे ६ चौकोन ओळीने जोडले की ५ शिवणी येतात आणि रांग ६½ इंच (६ इंच आणि दोन्ही टोकांची पाव-पाव इंच माया) भरायला हवी. दर शिवणीला १/३२ इंच गेलं तर ५/३२ इंच, म्हणजे जवळजवळ ४ मिलिमीटर कमी पडतात. शेजारी ६½ इंचाची अखंड पट्टी जोडायची असेल तर ती तेवढी जास्त उरते. सगळे ब्लॉक एकाच नमुन्याचे असतील तर सगळेच सारखे आखडतात आणि गोधडी जराशी लहान होऊन निभावतं. खरी अडचण येते ती कमी शिवणींचा आणि जास्त शिवणींचा ब्लॉक शेजारीशेजारी आला की. नऊ चौकोनांचा ब्लॉक आणि साधा अखंड चौकोन आलटूनपालटून लावायचा असेल तर दोराभर कमी हवंच.

पूर्ण पाव इंच लागतो तो वेगळ्या ठिकाणी. त्रिकोणाचे टोक असलेला ब्लॉक मोजपट्टी ठेवून छाटताना टोकाच्या वर पूर्ण पाव इंच कापड ठेवावं. तिथे दोराभर कमी ठेवलं तर पुढच्या शिवणीत टोक कापलं जाण्याची भीती असते. म्हणजे एकाच ब्लॉकमध्ये छाटताना पूर्ण आणि शिवताना दोराभर कमी, असे दोन्ही हिशेब येतात. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. कागदावर छापलेल्या रेघेवरून शिवायच्या पद्धतीत रेघच माप ठरवते, तिथे शिवण सरकवू नये. मोठे कापून, शिवून, मग मापात छाटायच्या अर्ध्या-अर्ध्या चौकोनांनाही (दोन त्रिकोण जोडून होणाऱ्या) या बारकाव्याने फरक पडत नाही.

आपलं मशीन काय शिवतंय हे तीन पट्ट्यांवरून कळतं. १½ इंच रुंद आणि ४ इंच लांब पट्ट्या कापा, लांबीच्या बाजूने जोडा, दोन्ही शिवणी दाबा. मधली पट्टी पुढून बरोबर १ इंच आणि पूर्ण रुंदी ३½ इंच भरली पाहिजे. मधली कमी भरली तर शिवण आत जातेय, जास्त भरली तर काठाकडे. मधली बरोबर असून पूर्ण रुंदी चुकली तर दोष शिवणीचा नाही, कडेच्या पट्ट्या कापताना चूक झाली आहे. मोजण्याआधी इस्त्री नीट झालीय का तेही बघा. शिवणीलगत कापडाची बारीक चुणी मुडपून राहिली तर मधली पट्टी उगाच कमी दिसते. आधी शिवण मिटलेली असतानाच इस्त्री ठेवून टाके बसवावेत, मग कापड उलगडून इस्त्री उचलून-उचलून दाबावी. घसटत फिरवली तर पट्टी धनुष्यासारखी वाकते.

मशीनला पाव इंची फूट (सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) असला तरी चाचणी सोडू नये. तो फूट बहुधा पूर्ण पाव इंच देतो. सुई सरकवायची सोय असेल तर एक घर उजवीकडे न्या. मात्र सुईखालची प्लेट एकाच गोल छिद्राची असेल तर सुई सरकवू नका, प्लेटवर आपटून मोडेल. सोय नसेल तर पारदर्शक मोजपट्टी फुटाखाली अशी ठेवा की तिचा काठ उजवीकडे येईल आणि हातचाक फिरवून खाली आणलेली सुई पाव इंचाच्या रेघेला उजव्या अंगाने जेमतेम टेकेल. मोजपट्टीच्या काठाला लागून, दात्यांवर (खालून कापड पुढे सरकवतात त्या) न जाता, चिकटपट्टीचे तीन-चार थर लावा. कापडाला टेकायला तेवढी कड पुरते.

शिवणीचं शेवटचं अर्धा इंच जपा. हात सुटतो, दाते कापड तिरकं ओढतात, आणि नेमकी कोपऱ्याजवळ माया बदलते. टोकापर्यंत टाचणीच्या टोकाने कापड धरून न्यावं. सुरुवातीला चिंधीवर चार टाके घालून मग तुकडा सरकवला तर पहिला कोपरा दात्यांत ओढला जात नाही.

दोरा जाड घेतला किंवा कापड बदललं की तीन पट्ट्या पुन्हा शिवाव्यात. आणि निम्मे ब्लॉक पूर्ण पाव इंचाने शिवून झाल्यावर चूक लक्षात आली तर उरलेले अचानक ‘बरोबर’ शिवायला जाऊ नये. तीच शिवण शेवटपर्यंत ठेवावी, चार-पाच ब्लॉक मोजून सरासरी काढावी, आणि ब्लॉकांच्या मधल्या जोडपट्ट्या कृतीतल्या मापाने न कापता त्या सरासरीने कापाव्यात.