नॅनी आणि चाइल्डमाइंडर : एकीला पगार, दुसरीला फी

डोंबिवलीत काय किंवा कोथरूडमध्ये काय, नोकरी करणाऱ्या आईबापांपुढे दोन वाटा असतात. एक, घरी येऊन मूल सांभाळणाऱ्या मावशी. दुसरी, शेजारच्या सोसायटीतल्या काकूंचं पाळणाघर, जिथे सकाळी डबा आणि कपड्यांची पिशवी देऊन मूल सोडायचं. एक तारखेला दोघींनाही पैसेच द्यायचे असतात, म्हणून कोण कुणाकडे कामाला आहे याचा विचार आपण कधी केलेला नसतो. इंग्लंडला आल्यावरही हीच सवय सोबत येते आणि मग अडचण होते. इथे मावशी म्हणजे नॅनी आणि पाळणाघरवाल्या काकू म्हणजे चाइल्डमाइंडर. मावशींना पगार असतो, काकूंना फी. या एका फरकावर कर, आजारपण, रजा, पेन्शन सगळं ठरतं.

चाइल्डमाइंडरचं प्रकरण सोपं आहे. ती तिच्या घरात, तिच्या वेळापत्रकाने, चार घरची मुलं सांभाळते. ऑफस्टेडकडे, म्हणजे शाळा-पाळणाघरांची तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, किंवा चाइल्डमाइंडर एजन्सीकडे तिची नोंदणी असते आणि तिचा व्यवसाय तिचा स्वतःचा असतो. कर ती भरते, विवरणपत्र ती भरते. ती आजारी पडली तर तिला आजारपणाचा पगार देणं तुमच्याकडे लागत नाही. त्या दिवसाची फी द्यायची की नाही, हे तुमच्या करारात लिहिलेलं असतं. तुमचं मूल तापाने घरी राहिलं तर फी बहुधा द्यावीच लागते, कारण जागा तुमच्या मुलासाठी राखून ठेवलेली असते. आपल्या पाळणाघरांतही हाच रिवाज आहे, म्हणून हे लगेच कळतं.

नॅनीचं तसं नाही. ती तुमच्या घरी येते, तुम्ही सांगाल त्या वेळेला येते, तुमच्या मुलाला तुम्ही सांगाल ते भरवते. म्हणजे ती तुमची कर्मचारी आणि तुम्ही तिचे मालक. 'मालक' म्हटलं की आपल्याला कारखाना आठवतो, स्वयंपाकघरात उभं राहून चहा पिणारी आई आठवत नाही. पण कायदा तिलाच मालक म्हणतो.

स्लाउमध्ये राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला नॅनीने पहिल्याच भेटीत सांगितलं, "मी सेल्फ-एम्प्लॉइड आहे, महिन्याला बिल देईन." मैत्रिणीला हायसं वाटलं. मला वाटलं नाही. कारण कोण कर्मचारी आणि कोण नाही हे दोघींच्या संमतीने ठरत नाही. काम प्रत्यक्षात कसं चालतं, त्यावर ते ठरतं. चार-सहा घरी थोडे थोडे दिवस बदली म्हणून जाणारी नॅनी क्वचित स्वतंत्र व्यावसायिक ठरू शकते. सोमवार ते शुक्रवार एकाच घरी येणारी ठरत नाही. उद्या एचएमआरसीने, म्हणजे इथल्या कर खात्याने, चौकशी केली तर थकलेला कर, नॅशनल इन्शुरन्स (सरकारी पेन्शनसारख्या लाभांसाठी पगारावर भरायची वर्गणी), व्याज आणि दंड यांसाठी ते तुमचं दार वाजवतात.

मग मालक म्हणून काय करायचं? पहिल्या पगाराच्या आधी एचएमआरसीकडे नोंदणी. तिला इथे काम करायची परवानगी आहे का, याची तपासणी. कामाच्या पहिल्या दिवशी अटींचं लेखी पत्र. दर पगाराला पगारपत्रक. वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा. कामामुळे तिला इजा झाली तर भरपाई देता यावी म्हणून मालकाचा विमा, कमीत कमी ५० लाख पौंडांचा. हे सगळं एकदा मार्गी लागलं की लागलं. खरी गडबड आकड्यात होते.

आपण पगार ठरवताना विचारतो, "हातात किती पडणार?" नॅनींच्या धंद्यातही हातात पडणाऱ्या रकमेवर, म्हणजे नेटवर, बोलणी करायची जुनी पद्धत आहे. त्या पद्धतीच्या भानगडीतच पडू नका. ताशी १५ पौंड, आठवड्याला ४० तास धरले तर वर्षाचे ३१,२०० पौंड होतात. नेहमीचा १२५७एल हा टॅक्स कोड असेल तर १२,५७० पौंडांवर कर नाही. उरलेल्यावर २० टक्के आयकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स. पेन्शनची कपात सोडून तिच्या हातात साधारण २५,९८४ पौंड पडतात. तुमचा खर्च मात्र ३१,२०० वर थांबत नाही. ५,००० पौंडांच्या वरच्या पगारावर मालकाचा नॅशनल इन्शुरन्स १५ टक्के, म्हणजे ३,९३० पौंड. पेन्शनचा तुमचा किमान ३ टक्के वाटा, पूर्ण पगारावर नाही तर त्याच्या ठरावीक भागावर, सुमारे ७४९ पौंड. बेरीज ३५,८७९. छोट्या धंद्यांना मालकाच्या नॅशनल इन्शुरन्समध्ये एम्प्लॉयमेंट अलाउन्स नावाची सूट मिळते, पण ती घरगुती नोकरीला लागू नाही. नॅनीसाठी ती मागू नका.

आता समजा, तुम्ही २५,९८४ 'हातात' असं कबूल केलंत आणि तिची शनिवार-रविवारची दुसरी नोकरी निघाली. करमुक्त रक्कम तिकडे वापरली गेली आणि तुमच्याकडे बीआर हा कोड आला, म्हणजे पहिल्या पौंडापासून २० टक्के. दिलेला शब्द पाळायला तुम्हाला वर्षाला आणखी ४,००० पौंडांहून जास्त मोजावे लागतील. तिची जुनी करथकबाकी किंवा विद्यार्थी-कर्ज असेल तर तेही तुमच्याच माथी. म्हणून करारात एकूण पगार, म्हणजे ग्रॉस, लिहा. तिचा कर हा तिचा आणि तिच्या टॅक्स कोडचा प्रश्न राहू द्या.

आणि आजारपण. सकाळी पावणेसातला मेसेज येतो : रात्रभर उलट्या झाल्या, आज येता येणार नाही. लेक शाळेचा कार्डिगन घालून दारात उभी असते, आठ वाजता तुमची मीटिंग असते. आधी सोय बघाल, पण पगाराचं काय? ६ एप्रिल २०२६ पासून कायद्याने ठरलेला आजारपणाचा पगार, म्हणजे एसएसपी, पहिल्या दिवसापासून द्यावा लागतो. त्याआधी पहिले तीन दिवस कोरडे जायचे आणि फार कमी पगार असणाऱ्यांना काहीच मिळत नसे. आता सरासरी आठवडी पगाराच्या ८० टक्के किंवा आठवड्याला १२३.२५ पौंड, यांतली जी रक्कम कमी असेल ती द्यायची, जास्तीत जास्त २८ आठवडे. आठवड्याला ६०० पौंड मिळवणाऱ्या नॅनीचे सोमवार-मंगळवार गेले तर २४० पौंडांऐवजी तिला ४९.३० पौंड मिळतील. सात दिवसांपर्यंत तिचा शब्द पुरतो, पुढे डॉक्टरांचं फिट नोट लागतं.

एसएसपीचे पैसे सरकार परत देतं, असं पुष्कळांना वाटतं. देत नाही, ते तुमच्या खिशातून जातात. ही समजूत येते बाळंतपणाच्या पगारावरून. तो छोट्या मालकांना पूर्ण परत मिळतो, वर थोडी भरपाईही मिळते.

दोन दिवसांचे ४९ पौंड पाहून ताप अंगावर काढत ती तुमच्या बाळाजवळ येऊन बसावी, असं कुणालाच वाटणार नाही. म्हणून वर्षाला निदान पाच दिवस तरी आजारपणात पूर्ण पगार, असं करारात घालावं हे माझं स्पष्ट मत आहे.

रोख पैशांचा मोह अनेकदा नॅनीलाही असतो, हातात जास्त पडतात म्हणून. तिला समजावून सांगा. पगार नोंदला गेला नाही तर तिच्या नॅशनल इन्शुरन्सच्या खात्यात ते वर्ष रिकामं राहतं, आणि पूर्ण सरकारी पेन्शनला साधारण ३५ वर्षं भरलेली लागतात. घरासाठी कर्ज मागायला गेली की बँक पगारपत्रकं मागते. दिवस गेले तर बाळंतपणाचा पगारही याच नोंदींवर मिळतो.

मैत्रिणीच्या नॅनीने बिलाचा आग्रह सोडला तो हे ऐकल्यावर. पहिल्या महिन्याचं पगारपत्रक तिने टेबलावर पसरून ओळ न् ओळ वाचलं, पेन्शनच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "हे माझ्या नावावर जमा होतं ना?"