डेव्हेंटरचा गेरिट : आडनाव एका वाटेने, जनुक दुसऱ्या

आयसेल नदीकाठच्या डेव्हेंटर या जुन्या डच शहराच्या नावाचा गेरिट यान्स, म्हणजे यानचा मुलगा गेरिट, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीत राहत होता. मायदेशात तेव्हा बापाचं नाव आणि गाव यावर माणसाची ओळख भागायची. आडनावाची नोंद तिथे सक्तीची झाली ती १८११ मध्ये, नेपोलियनच्या हुकमाने. केपमध्ये मात्र 'व्हॅन डेव्हेंटर' ही गेरिटची ओळख मुलांनी पुढे चालवली आणि तिचं घराण्याचं आडनाव झालं.

१६८८ मध्ये त्याने आरियांत्ये याकोब्सशी लग्न केलं. रॉटरडॅमच्या अनाथाश्रमातून केपला पाठवलेल्या मुलींपैकी ती एक. या दोघांपैकी एकाकडून मुलांमध्ये एक बिघडलेलं जनुक उतरलं. रक्तातला हीम हा घटक तयार करणारं एक विकर (एन्झाइम) त्यामुळे निम्मंच काम करतं आणि पॉर्फिरिन नावाची द्रव्यं शरीरात साठतात. उन्हाने हातांच्या पाठीवर फोड येतात, कातडी जरा लागलं तरी सोलवटते. अनेकांना तर आयुष्यभर काहीच जाणवत नाही. या विकाराला व्हेरिगेट पॉर्फिरिया म्हणतात.

अडीचशे वर्षं तो बहुधा निमूट राहिला. विसाव्या शतकात बार्बिट्युरेट गटातली झोपेची आणि भुलीची औषधं आली, सल्फाच्या गोळ्या आल्या, आणि हे जनुक असलेली धडधाकट माणसं उपचारानंतर हातपाय लुळे पडून मरू लागली. पोर्ट एलिझाबेथमधले डॉक्टर जेफ्री डीन यांनी १९५० च्या सुमारास असे रुग्ण पाहिले आणि त्यांच्या नातलगांचा माग सुरू केला. व्हॅन रूयेन घराण्यात तर या नाजूक कातडीला घराण्याचंच नाव पडलं होतं. डीन शेतावरून शेतावर गेले, म्हाताऱ्यांचे हात पाहिले, चर्चमधल्या नोंदी चाळल्या. वेगवेगळ्या आडनावांच्या कुळांच्या वंशावळी मागे नेल्या, की त्या गेरिट आणि आरियांत्येपाशी मिळत होत्या. इतक्या साध्या साधनांनी झालेलं इतकं चिकाटीचं संशोधन मला थक्क करतं.

आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जातं. हे जनुक मात्र मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. लेक सासरी गेली की 'व्हॅन डेव्हेंटर' मागे राही, जनुक तिच्याबरोबर नव्या आडनावात शिरे. उलट बापाकडून मुलाकडे अशा एकाच रेषेने दहा पिढ्या मोजल्या, तर ते टिकण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. म्हणजे आज या आडनावाच्या बहुतेकांकडे ते नसणार, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांची आडनावं भलतीच. शिवाय डेव्हेंटरहून निघालेल्या कुणालाही हे नाव लागू शकतं; सगळे गेरिटचेच वंशज असतील असं नाही.

मग जनुक विरून का गेलं नाही? सुरुवातीची वस्ती अगदी छोटी, आणि घरटी दहा-दहा मुलं. त्यातल्या सरासरी पाचांकडे ते जाई. वंशज शेतीसाठी आत आत सरकले, तसं तेही पसरलं. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या लोकांमध्ये त्याचं प्रमाण हजारी तीनच्या आसपास मानतात.

१९९६ मध्ये नेमका बदल सापडला: पहिल्या गुणसूत्रावरच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं, आणि विकराच्या साखळीत ५९ व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी ट्रिप्टोफॅन हे दुसरं. तेव्हापासून रक्ताच्या नमुन्यावरून तपासणी होते. भूल देण्याआधी कुटुंबाचा इतिहास विचारताना आईचं आणि आज्यांचं माहेर विचारणं तिथे म्हणूनच गरजेचं ठरतं.