बिंदुप्रभारांचे विद्युत क्षेत्र : उदाहरणांची उकल

आकाराच्या मानाने पुष्कळ दूर असलेली प्रभारित वस्तू बिंदूसारखी मानून, तिच्यामुळे एखाद्या ठिकाणी एकक धन प्रभारावर किती आणि कोणत्या दिशेने बल लागेल ते (म्हणजेच तेथील विद्युत क्षेत्र) काढण्याची रीत. जुन्या ग्रंथांत ‘विद्युत् भार’, शालेय पुस्तकांत ‘प्रभार’ असे शब्द आढळतात. विदर्भातील तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजांत अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतून असल्याने ‘चार्ज’ आणि ‘फील्ड’ हेच रुळले आहेत.

अंतराच्या व्यस्त वर्गाच्या नियमाचे (अंतर दुप्पट झाले की प्रभारांमधील बल चौथाई) श्रेय फ्रेंच शास्त्रज्ञ कूलाँ (१७८५) यांना दिले जाते. प्रीस्टली यांनी १७६७ मध्ये तसा तर्क मांडला होता. रॉबिसन यांचे मापन १७६९ च्या सुमाराचे असावे, पण ते त्या वेळी प्रसिद्ध झाले नाही. कॅव्हेंडिश यांचे बहुधा १७७३ च्या आसपासचे प्रयोग अधिक काटेकोर होते, परंतु मॅक्सवेल यांनी ते १८७९ मध्ये छापेपर्यंत अंधारात राहिले. कूलाँ यांनी तारेच्या पिळावर चालणाऱ्या तुलेतून तीनच वाचने दिली: गोळ्यांमधील कोन ३६, १८ व ८.५ अंश असताना एकूण पीळ अनुक्रमे ३६, १४४ व ५७५.५ अंश. येथे कोन अंतर दाखवतो आणि पीळ बल. अंतर निम्मे होताच बल चौपट होते हे पहिल्या दोन आकड्यांतच दिसते. तुला पुन्हा उभारणाऱ्या काही अभ्यासकांना इतके नेमके आकडे मिळाले नाहीत, काहींना मिळाले. तरीही थेट मोजून जाहीर केल्यामुळे श्रेय कूलाँ यांच्याकडे राहणे रास्त वाटते. ‘क्षेत्र’ ही कल्पना मात्र पुढची, फॅराडे यांची.

एका प्रभाराच्या क्षेत्राचे परिमाण म्हणजे ९ × १०⁹ गुणिले प्रभार, भागिले अंतराचा वर्ग. एकक न्यूटन प्रति कुलोम (कुलोम हे प्रभाराचे एकक). सूत्रात चिन्ह घालू नये, चिन्हाचे काम दिशा ठरवण्यापुरते आहे. म्हणून आधी आकृती काढावी आणि विचारलेल्या बिंदूवर प्रत्येक प्रभाराचा बाण दाखवावा: धनापासून दूर, ऋणाकडे. आकडेमोड त्यानंतर. बाण न काढता केलेली बेरीज हीच सर्वांत मोठी चूक आहे. वखराचे दोन बैल फाकून ओढू लागले की दोघांचे बळ पुरते जमेस धरता येत नाही, तसेच येथे.

+५ व −५ नॅनोकुलोम (१ नॅनोकुलोम = १०⁻⁹ कुलोम) प्रभार ६ सेंमी अंतरावर आहेत. मध्यापासून लंबावर ४ सेंमी वर असलेला बिंदू दोघांपासून ५ सेंमी दूर पडतो. प्रत्येकाचे क्षेत्र १८,००० येते, परंतु बेरीज ३६,००० नव्हे. उभे घटक एकमेकांना मारतात. आडवे घटक (प्रत्येकी तीनपंचमांश) मिळून २१,६००. दोन्ही प्रभार धन असते तर आडवे मारले गेले असते आणि उभे मिळून २८,८०० उरले असते. अंतर सेंटिमीटरमध्येच ठेवले तर उत्तर दहा हजार पटीने चुकते, कारण शंभराचा वर्ग होतो.

शून्य क्षेत्राचा बिंदू हा नेहमीचा सापळा. +४ व −१ मायक्रोकुलोम (१ मायक्रोकुलोम = १०⁻⁶ कुलोम) ३० सेंमी अंतरावर असता दोघांच्या क्षेत्रांची परिमाणे समान धरून मांडलेल्या वर्गसमीकरणाला दोन उत्तरे मिळतात. पैकी एक मोठ्या प्रभारापासून २० सेंमीवर, दोघांच्या मध्ये. तेथे दोन्ही क्षेत्रे समान (प्रत्येकी ९ × १०⁵) पण एकाच दिशेची, म्हणून बेरीज १८ × १०⁵ होते. खरा शून्यबिंदू लहान प्रभाराच्या पलीकडे ३० सेंमीवर. समीकरणाला फक्त परिमाण कळते, दिशा कळत नाही.

राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबल चालते. दहाचे घात आधीच बाजूला काढले तर लॉगमधील ऋण पूर्णांकांचा घोळ होत नाही.

वर्गातल्या प्रात्यक्षिकासाठी विदर्भाचा कोरडा हिवाळा आणि उन्हाळा सोयीचा. केसांवर घासलेली प्लास्टिकची फणी दोऱ्याला टांगलेला थर्माकोलचा दाणा ओढते. श्रावणात तीच फणी घासली तरी दमट हवेमुळे दाणा जेमतेम हलतो.