फुटपाथवरून घरात: मुंबईतल्या फोटोंची पार्श्वभूमी

मुंबईच्या फुटपाथवासीयांचे जुने फोटो पाहिले तर झोपडी तुटतानाचे ढीगभर दिसतात. घर मिळाल्यानंतरचे शोधावे लागतात. असं का झालं, त्याची ही थोडी मागची गोष्ट.

गरीब वस्त्यांत कॅमेरा प्लेगच्या साथीपासून फिरतोय. पण आजच्या फोटोंचं वळण ठरलं ते जुलै १९८१ मध्ये. ऐन पावसाळ्यात फुटपाथ मोकळे करून लोकांना गावी धाडायचा आदेश निघाला आणि माणसं बसमध्ये कोंबली गेली. भिजलेली भांडी, उघड्यावर पडलेला संसार, रडणारी पोरं, हेच मग वर्तमानपत्रांत या माणसांचं रूप झालं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १० जुलै १९८५ च्या निकालातलं एकच वाक्य सगळे सांगतात: जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. पण त्याच निकालाने फुटपाथवर झोपडी बांधायचा हक्क नाकारला. १९७६ च्या झोपड्यांच्या गणनेत ज्यांची नोंद होती, त्यांना मालाडजवळच्या मालवणीला किंवा दुसरीकडे पर्यायी जागा द्यायची होती. मात्र हटवण्याआधी ती दिलीच पाहिजे, अशी अट नव्हती. झोपडी आधी जाणार, जागेचं नंतर बघू. निकाल गरिबांच्या बाजूने लागला असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी. १९७६ ला जो मोजला गेला नाही, त्याच्या हाती तर काहीच उरलं नाही.

म्हणूनच १९८५ मध्येच भायखळ्याच्या बाजूला सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी झाली, तीही वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन. पुढे बायकांनी घराचा खऱ्या मापाचा नमुना उभा केला, उंच भिंतीचा, वर माळा असलेला. या विषयात मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते तेव्हाचे फोटो. त्यांत बाई दयेची याचना करत नाही, मापं दाखवते.

१९९५ नंतर पुनर्वसन योजनेत फुटपाथवासीयांनाही पात्रता मिळाली. २२५ चौरस फुटांची घरं आली. बरीच कुटुंबं मानखुर्दला गेली, कामापासून लांब. तिथल्या इमारती इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. २०१८ च्या एका अभ्यासाने याच वसाहतींतल्या क्षयरोगाचा संबंध कोंदट खोल्यांशी जोडला.

त्यामुळे आता फोटोग्राफरला चावी हातात घेतलेला हसरा चेहरा पुरत नाही. दिवसाही पेटलेली ट्यूबलाइट आणि स्वतःच्या नावाचं लाइट बिल, दोन्ही एकाच फ्रेममध्ये यावं लागतं. जुने फोटो पुन्हा छापण्याचा वाद वेगळाच आहे. मुलीचं लग्न ठरत असताना आपला फुटपाथवरचा फोटो कुठे झळकावा, असं कुणाला वाटेल? १९८१ साली तर फोटो काढताना कुणी विचारलंच नव्हतं.